काकूंच्या माहेरचं माणूस

आमच्या पार्ल्याच्या इमारतीत नवं कुणी राहायला आलं, की शिंदेकाकूंचा पहिला प्रश्न ठरलेला: "माहेर कुठलं गं?" मी नवी नवरी म्हणून शेजारच्या बिऱ्हाडात आले तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. माझं सांगून झाल्यावर मी त्यांचं विचारलं. त्यांनी गॅलरीतून मागच्या दगडी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर एक घोरपड ऊन खात पडली होती.

"आम्ही घोरपडे. ते बघ माझ्या माहेरचं माणूस!"

काकूंना सख्खा-चुलत कुठलाच भाऊ नव्हता. भाऊबीजेला त्या गॅलरीत उभ्या राहून चंद्राला ओवाळायच्या. पण रडगाणं गाणारी बाई नव्हे. "माझा भाऊ आळशी आहे, पण कधी उसने मागायला येत नाही," असं घोरपडीबद्दल म्हणायच्या. इमारतीतली पोरं तर तिला सरळ 'मामा' म्हणू लागली.

काकूंचं दुखणं म्हणजे गुडघे. दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यानंतरचा तो काळ. सांधेदुखीवर घोरपडीचं तेल लावा, असं जो तो उठून सांगायचा. स्टेशनबाहेर एक तेलवाला कढई मांडून बसे. गिऱ्हाईक वाढलं, तशा आसपासच्या वाड्यांत, विहिरींच्या काठाला दिसणाऱ्या घोरपडी एकेक करून नाहीशा झाल्या. गल्लीत उरली ती आमची एकटी.

शिंदेकाकांना बायकोचे हाल बघवत नव्हते. एका रविवारी सकाळी, तिला न सांगता, ते तेलवाल्यालाच घेऊन आले. तो भिंतीतल्या बिळापाशी उकिडवा बसला आणि पोत्यातून सळई काढली. पोरं खालून ओरडली, "काकू, मामाला धरायला आलेत!"

काकू कठडा धरून, तिरक्या होत, एकेक पायरी उतरू लागल्या. मी हात द्यायला गेले तर "सोड गं" म्हणून झिडकारला. घामाघूम होऊन त्या बिळासमोर उभ्या राहिल्या.

"अगं, तुझ्यासाठीच ना हे!" काका म्हणाले.

"अहो, माझ्या गुडघ्यांपायी माझा भाऊ मारताय?"

"बाई, एक डाव लावून तर बघा," तेलवाला म्हणाला. "धावायला लागाल. जन्म गेला माझा या धंद्यात." बोलता बोलता तो भिंतीला हात टेकून उठू लागला. "आई गं!"

काकूंनी तिथंच पकडला. "काय झालं हो?"

"काही नाही. गुडघे धरलेत जरा."

"मग तेल कुणासाठी राखून ठेवलंय?"

अख्खी इमारत खो खो हसली. तेलवाल्यालाही हसू आवरेना. काका तेवढे खाली बघत राहिले. काकूंनी त्याला चहा पाजला आणि रिकामं पोतं देऊन वाटेला लावलं. त्यानंतर दारावर कुणी तेल घेऊन आला, की आमच्या गल्लीतल्या बायका आधी त्यालाच उठाबशा काढायला सांगत. एवढ्यानंच तेलाचा खप बसला. काकूंचा मला तेव्हा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

काकूंचे गुडघे शेवटपर्यंत दुखले. पण त्या वर्षीच्या भाऊबीजेला त्या पुन्हा जिना उतरल्या आणि ताम्हनातलं निरांजन घेऊन बिळापुढे उभ्या राहिल्या.

"काकू, चंद्र रुसेल हं," मी म्हटलं.

"रुसू दे. त्याला कोणी कढईत घालत नाही."