लेकीच्या दातांवरचं पिवळं

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या दातांना लावलेलं औषध मी त्याच संध्याकाळी ब्रशने घासघासून काढून टाकलं. वर शाबासकीची वाटही पाहत बसलो.

झालं असं, की ऑफिसातून घरी आलो तर लेक आरशासमोर उभी. आठ वर्षांची, आम्हाला बऱ्याच उशिरा झालेली, म्हणून जरा जास्तच लाडाची. मला पाहून खुशीत म्हणाली, "बाबा, पाहा, माझे दात तुमच्यासारखे झाले!"

पाहिलं तर खरंच पिवळे.

माझ्या दातांबद्दल सांगायलाच हवं. मी केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलो. शाळेमागच्या हापशीचं पाणी प्यायचो. थंडगार, गोड लागायचं. त्यात फ्लोराइड जास्त आहे हे कळून, पिऊ नये म्हणून हापशीला लाल रंग लागला, तोवर आमच्या अख्ख्या वर्गाच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटून गेले होते. गावात सगळ्यांचेच तसे, त्यामुळे दात असेच असतात अशी माझी समजूत. यवतमाळला कॉलेजात आलो आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्याने विचारलं, "रोज किती खर्रे लागते बे तुले?" आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, पण तंबाखू-सुपारी चघळणाऱ्याची सगळी बदनामी फुकटात पदरात पडली. तेव्हापासून हसताना माझा उजवा हात आपसूक तोंडावर जातो. लग्नाच्या अल्बममध्ये मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दाढ दुखत असल्यासारखा दिसतो.

लेक झाली तेव्हाच ठरवलं, हिच्या वाट्याला हे नको. दुकानात चष्मा कपाळावर चढवून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायचो आणि फ्लोराइड नसलेलीच पेस्ट आणायचो.

अशा माणसापुढे पिवळे दात! तिला मोरीत पाटावर बसवलं आणि घासायला घेतलं. ती हात हलवून काहीतरी सांगत होती, पण तोंडात फेस, नुसतं "उं उं". मी म्हणत होतो, "झालं बेटा, झालंच." दात पुन्हा पांढरे निघाले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली.

"हे काय करून ठेवलं? दुपारीच लावून आनलं न ते! उद्या सकाळपर्यंत ब्रश लावायचा नाही म्हने. तिच्यासाठी मऊ खिचडी टाकनार होती मी."

"मले काय माहीत? पिवळं दिसलं…"

"औषधच पिवळं आहे ते! फ्लोराइडचं."

आता पाटावर मी बसलो. "तू माझ्या पोरीले फ्लोराइड लावून आनलं?"

"तिच्या समोरच्या नव्या दातांवर पांढरे ठिपके आले, खडूसारखे. कीड लागून राह्यली. आता थांबली तर थांबली, नाही तर दात कोराले मशीन लावा लागते. उद्या तुम्हीच घेऊन जा, अन् काय केलं तेही तुम्हीच सांगा."

मशीन म्हटल्याबरोबर लेकीने भोकाड पसरलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "कोणी घासलं?" लेकीचं बोट माझ्याकडे.

"तुम्ही आ करा."

"मी नाही, ही…"

"तुम्हीच."

केला. "केळापूरकडचे का?" त्या म्हणाल्या. दातांवर गावाचा पत्ता छापलेला असतो हे मला नवीनच होतं.

"तुमचे दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हा वर्षानुवर्षं ते पाणी पोटात गेलं, म्हणून हे डाग. हिच्या दातांना मी वरून थोडंसं लावते. युरिया जास्त झाला की पीक जळतं, म्हणून कोणी युरिया टाकणं सोडतं का? बरं, पेस्ट कोणती आणता?"

मी अभिमानाने सांगितली. त्यांनी मान हलवली. "तिथंच कमी पडलं. फ्लोराइडची आणा. वाटाण्याएवढी घ्यायची, समोर उभं राहून थुंकायला लावायची, गिळू द्यायची नाही. आणि झोपताना बिस्कीट कोण देतं?"

लेकीचं बोट पुन्हा माझ्याकडे.

त्यांनी इवल्या ब्रशने पुन्हा ते पिवळं लावलं. लेकीने माझं बोट घट्ट धरलं होतं. मी छताचा पंखा पाहत होतो. त्या रात्री खिचडी पिवळी, दात पिवळे. मी मान खाली घालून जेवलो.

काही महिन्यांनी तिघंही पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाईंनी ठिपके बारकाईने पाहिले. "कडक झाले. वाढले नाहीत. मशीन नको." लेक खुदकन हसली, आणि हसताहसता तिचा उजवा हात तोंडावर गेला.

"अगं, इतके छान दात, झाकतेस कशाला?"

"हसताना असंच करतात," लेक म्हणाली. "बाबा करतात न."

घरी आलो. लेक खेळायला पळाली तशी बायको जवळ येऊन बसली.

"दात तर वाचले तिचे," ती म्हणाली. "पन तोंड झाकायचं तिले कोन्या पान्यानं नाही शिकवलं. ते कोनत्या ब्रशनं काढसान आता? उद्यापासून हात खाली ठेवून हसत जा. रात्री तोंड उघडं टाकून घोरता तेव्हा दिसतातच मले ते दात. चांगले आहेत."