सुनिलच्या फॉर्मातल्या दोन मुली

सुनिल कन्नाके पगाराच्या खोलीत शिरला तेव्हा बल्लारपूरची मालगाडी रूळ सोडून आत आली की काय, असं रश्मी दुर्गेला वाटलं. दार भिंतीवर आपटलं, पंखा क्षणभर थबकला आणि पाल एका उडीत कॅलेंडरमागे गेली. तिकडे मोहर्लीच्या जंगलात एखाद्या वाघाने दचकून मान वर केली असेल, तर त्यात वाघाची चूक नाही. खाणीत डंपर चालवणारा माणूस बोलतोही इंजिनाच्या वरच्या पट्टीत.

"मॅडम, माहे बावीस हजार कंपनीनं खाल्ले! हा घ्या राजीनामा!"

"बसा, भाऊ."

"मले बसाचं नाई."

"उभ्या माणसाशी मी पगाराचं बोलत नाई," रश्मी म्हणाली आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

कोळशाच्या ठेकेदाराकडे रश्मी डिसेंबरात लागली होती. वडिलांनी सारा जन्म वजनकाट्यावर काढलेला, त्यामुळे आकडा जुळल्याशिवाय जेवण जात नाही हा घरचाच आजार. बँकेच्या परीक्षेत ती चारदा नापास झाली होती आणि बँकेचं यात किती नुकसान झालं, हे विचारेल त्याला हिशोबासकट सांगत असे. एरवी उंची पाच फूट, पण संगणकासमोर बसली की साहेबसुद्धा दार वाजवून आत येत.

सुनिल बसला. पाणी प्यायला. रश्मीने फाइल उघडली. सुनिलने गेल्या एप्रिलात भरून दिलेला कराचा फॉर्म तिने काढला आणि गंभीरपणे विचारलं, "पोरी कोणत्या शाळेत आहेत?"

"कोणाच्या?"

"तुमच्या. दोन पोरी, शाळेची फी छत्तीस हजार. इथी लिवलं आहे."

"माहं लगन नाई झालं, मॅडम!"

"मग घरकर्ज? वर्षाचं व्याज दोन लाख. घर कुठी बांधलं?"

"मी नाई, पोचूभाऊनं. चामोर्शीले." एवढं बोलताना सुनिलचा आवाज प्रथमच माणसात आला.

पोचूभाऊ म्हणजे सुनिलच्या पाळीतला सर्वांत जुना चालक. पाळीचा नियमच होता: कोणताही कागद आधी पोचूभाऊ भरणार, मग बाकीचे छत्तीस जण शेजारी बसून तो जसाच्या तसा उतरवणार. त्यांनी कराची जुनी पद्धत निवडून खूण केली, म्हणून छत्तीस जणांनी केली. त्यांना दोन मुली, म्हणून छत्तीस जणांना दोन मुली. जानेवारीत रश्मीने पुरावे मागणारी नोटीस लावली, तेव्हा पोचूभाऊ पुतण्याच्या लग्नाला रजेवर होते. त्यांनी रजेवरून स्वतःचे कागद मोबाइलवर पाठवले, पण हे कोणी पाहिलं नाही. न पाहता उतरवणार काय? पाळी स्वस्थ बसली.

"पुरावा नाई म्हणून सूट गेली," रश्मी म्हणाली. "मग साऱ्या वर्षाचा कर उरलेल्या दोन पगारांत कापावा लागते. पुढच्या महिन्यातबी तेवढाच कापीन."

"पुन्हा?" सुनिल उठलाच.

"बसा म्हटलं ना! नव्या पद्धतीत तुमच्या पगारावर कर शून्य आहे. आपल्या कंपनीत आता पद्धत बदलता येत नाई, पण जुलैत रिटर्न भरताना तुमाले बदलता येते. सारा पैसा परत."

"आणि कंपनीनं सरकारले भरलाच नाई तर?"

हाच खरा प्रश्न होता, आणि खोटा धीर देणं रश्मीला जमत नसे. "तुमच्या पॅनवर दिसन तो मे संपल्यावर. आज मोबाइलवर दाखवू शकत नाई."

"म्हणजे तीन महिने भरोशावर?"

"हो. माह्या."

सुनिलने तिच्याकडे पाहिलं. सोळा वर्षांची नोकरी टेबलावर एका कागदात पडली होती आणि समोर पाच फुटांची मुलगी म्हणत होती, माह्या.

"तारीख टाकू नका," ती म्हणाली. "राजीनामा माह्या ड्रॉवरात राहू द्या. जूनमध्ये पैसा दिसला नाई, तर मीच तारीख टाकून साहेबाले नेऊन देतो, आणि खाली माहाबी जोडतो."

सुनिलने ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. मग म्हणाला, "पोचूभाऊले विचारू?"

"नाई!" रश्मी इतकी जोरात ओरडली की पंख्याची पुन्हा पंचाईत झाली.

सुनिल न विचारता हो म्हणाला. पाळीच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

जूनमध्ये कापलेला कर पै न् पै त्याच्या पॅनवर दिसला. जुलैत रश्मीने रिटर्न भरून दिलं. परतावा ऑगस्टच्या तेरा तारखेला खात्यात आला. त्या दिवशी सुनिलची दुसरी पाळी होती. तो कामावर गेला.