दुधाचा खाडा, आईचा खाडा

आई अकरा वर्षं खालापूरकडच्या एका कारखान्यात मसाल्याच्या पुड्या भरायला जात होती. चौक गावच्या नाक्यावर कंपनीची गाडी यायची. संध्याकाळी ती परतली की तिच्या आधी मसाल्याचा वास घरात शिरायचा. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा तिने काम सोडलं आणि ग्रॅच्युइटी मागायला गेली. ऑफिसातला बाबू म्हणाला, "मावशी, तुमचे दिवसच भरत नाहीत."

लग्नानंतर मी शेलूला राहते, तिथेच नोकरी करते. फोनवर हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी येऊन पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्या. त्या देव्हाऱ्याखाली निघाल्या, एकूण एक, हळदकुंकू लावलेल्या. पगार झाला की चिठ्ठी देवापुढे ठेवायची, हात जोडायचे आणि खाली सरकवून द्यायची, ही आईची रीत. वाचली एकही नव्हती. प्रत्येकीवर हजेरी तेरा दिवस, फार तर चौदा. तेवढ्याचा पगार बँकेत यायचा, उरलेल्या दिवसांचा पाकिटात.

"अगं, देवाला दाखवलीस, स्वतः नाही बघितलीस?" मी ओरडले.

"पैशे बरोबर मिळत होते गं. वर शिक्का हाय त्यांचा. खोटं असंल असं कशाला वाटंल?"

मी आणखी बरंच बोलले. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून अर्ज करून घेतला. आधी कंपनीला दिला, पोच घेतली. उत्तर येईना, तेव्हा कामगार कार्यालय गाठलं. तिथल्या मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, "वर्षाला दोनशे चाळीस दिवस काम केल्याचं दिसलं पाहिजे. चिठ्ठी चुकीची असेल तर तीच शेवटची नाही. कंपनीला हजेरीपट आणायला लावू. पण तुमच्याकडे काही आहे? सोबतच्या बायकांचे जबाब, गाडीचा पास, काहीही?"

सोबतच्या दोघी जबाब द्यायला लगेच तयार झाल्या. आणि आई हळूच म्हणाली, "कॅलेंडरं हायत."

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली जुन्या कॅलेंडरची पानं अंथरलेली असतात. जुनं काढायचं नाही, त्यावरच नवं घालायचं. डबे उतरवले, तर थराखाली थर! एका वर्षाची पानं तेवढी नव्हती, त्यांची माझ्या वह्यांना कव्हरं झाली होती. दूध आलं नाही त्या तारखेला गोल, आई कामाला गेली नाही त्या तारखेला फुली. फुलीशेजारी बारीक अक्षरात कारण.

पुढच्या तारखेला मॅडमनी तेलकट पानं उलटली आणि वाचू लागल्या. "पोरीची दहावी, पयला पेपर. पोरीला ताप. पोरीला बघायला पावणे. पोरीचं बाळंतपण." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "मावशी, स्वतःसाठी एकही खाडा नाही?"

"मला काय धाड भरली?" आई म्हणाली. हात गुडघ्यावरच होता.

मला तिथेच रडू कोसळलं. हिला मी वेडी म्हटलं होतं.

कॅलेंडर आणि दोघींचे जबाब कंपनीच्या वकिलापुढे ठेवले गेले. कंपनीच्या गाडीत रोज कोण चढलं त्याची वही आणा म्हटल्यावर त्याची टाळाटाळ सुरू झाली आणि तिसऱ्या तारखेला कंपनीने पूर्ण ग्रॅच्युइटी कबूल केली. कमी हजेरी दाखवून बुडवलेल्या प्रॉव्हिडंट फंडाची तक्रार वेगळ्या कार्यालयात असते, ती अजून चालू आहे.

त्या दिवशी घरी आलो, तर आईने चपला काढायच्या आधी पेन शोधलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारली.

"आता कसली फुली? तू कुठे कामाला जातेस?"

"तुझी रजा पडली ना गं आज," ती म्हणाली आणि फुलीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'आईपायी'.