डेपोअण्णाचा हात

बस डेपोच्या भिंतीला टेकून उभारलेल्या पालात जन्मला, म्हणून नाव डेपो. हक्कीपिक्कींमध्ये अशीच नावं ठेवतात. त्याच्या बायकोचं नाव ग्लुकोज होतं. पिढ्यानपिढ्या पाखरं धरणारी जमात ही. बंदी आली तशी जाळी गेली, आणि डेपोअण्णा बायकोबरोबर केसांचं तेल विकत बंगळूरभर फिरू लागला. आमच्या प्रयोगशाळेने त्याला पुन्हा पाखरं धरायला बोलावलं, तेव्हा ग्लुकोजला जाऊन वर्ष झालं होतं.

आम्हाला शहरातल्या रानपाखरांचं रक्त तपासायचं होतं. तळ्यांत सांडपाणी आलं, डास माजले. ते चावले की हिवतापाच्या जंतूंसारखे परजीवी पाखरांच्या रक्तात शिरतात. डेपोअण्णा पहाटे तळ्याकाठी जाळी लावायचा आणि अडकलेलं पाखरू अलगद सोडवून मुठीत धरायचा. मी पंखाखालची शीर टोचून थेंबभर रक्त काचेवर घ्यायची, की झालं. पाखरू मोकळं.

"पाखरांना हिवताप?" पहिल्या दिवशी तो खो खो हसला. "मग अक्का, झाडाझाडाला मच्छरदाणी बांधा की!"

त्याला गर्व एकाच गोष्टीचा होता, आपल्या हाताचा. काही पाखरं त्याच्या मुठीत आली की डोळे अर्धवट मिटून पडून राहायची. "झोप आहे या हातात," तो म्हणायचा. "बापाच्या हातात होती, ती माझ्यात उतरली." बाकीची फडफडायची, चावायची, त्यांना तो कजाग म्हणायचा. गंमत म्हणून मी वहीत शेऱ्याच्या रकान्यात ते लिहायला लागले. शांत, कजाग, कजाग, शांत.

"आमची ग्लुकोज अशीच," एकदा चोच मारणारी साळुंकी धरून तो म्हणाला. "तीस वर्षं माझ्या नावानं बोटं मोडली. कंडक्टरला सोडलं नाही, पोलिसाला सोडलं नाही. पण शेवटच्या वर्षी आली वठणीवर! आवाज नाही, तक्रार नाही. दाराशी गप बसून राहायची. सगळी वस्ती म्हणाली, डेपोनं बायकोपण माणसाळवली."

मी हसले होते. ते हसणं आता आठवलं की माझंच तोंड झोडावंसं वाटतं.

तीन महिन्यांनी सगळ्या काचा तपासून झाल्या आणि मी सहज त्या वहीतले शेरे पडताळून पाहिले. शांत म्हणून लिहिलेली पाखरं एकेचाळीस, त्यातल्या छत्तीस जणांचं रक्त परजीवींनी भरलेलं. कजागांमध्ये मात्र क्वचितच एखादं. मला कोण आनंद झाला! अंगणात जाळी शिवत बसलेल्या डेपोअण्णाला मी ओढतच आत आणलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

"पाखराच्या पेशीत मधोमध टिकली असते, ती दिसते? आणि तिच्या कडेला डुलासारखं काही चिकटलंय?"

"दिसतंय. मग?"

"हाच तो परजीवी. हे रक्त खाऊन टाकतात. अंगात झगडायचं बळच राहत नाही, म्हणून पाखरू गप पडतं. तुमची शांत पाखरं आजारी होती, अण्णा! तुमचे शेरे खरे ठरले. अहवालात नाव घालते तुमचं."

त्याने डोळा काढला नाही.

"म्हणजे झोप हाताची नव्हती."

काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं. "तसं नाही हो, हातही चांगलाच आहे तुमचा," असं काहीबाही मी पुटपुटले.

"अक्का, माणसाचंही असंच होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "होतं," मी म्हणाले. "रक्त कमी झालं की माणूस गळून जातं. बोलायचंही त्राण राहत नाही."

"दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडला होता. अंगात रक्तच नाही, इतके महिने काय बघत होतास म्हणून. मी म्हटलं, साहेब, तिला काही त्रासच नव्हता, शांत तर होती." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "ती भांडायची थांबली, आणि मी वस्तीत जिलेबी वाटली, अक्का."



आठ दिवस तो आला नाही. नवव्या पहाटे बघते तर जाळी लावून उभा. बढाई नाही, थट्टा नाही. गप पडलेलं पाखरू हातात आलं की तो मान फिरवायचा आणि म्हणायचा, "घ्या लवकर, सोडून द्या बिचारीला."

ऊन चढता चढता जाळीत जाड चोचीचा एक हिरवा कुटुरगा अडकला. सोडवताना त्याने डेपोअण्णाच्या अंगठ्याचा असा लचका तोडला की रक्ताची धार लागली.

"अण्णा, फडक्यात धरा त्याला!"

त्याने ऐकलं नाही. उलट पाखरू तोंडाजवळ नेलं. ते पुन्हा चावलं, कर्कश ओरडलं.

"चाव," तो म्हणाला. त्याचे गाल ओले झाले होते. "चाव गं बाई. शिव्या घाल मला. थांबू नकोस."

मी सुई हातात धरून उभी होते. त्या पाखराचं रक्त मी घेतलंच नाही.