मंगोलियाहून आलेला पाहुणा

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, मग सांगतो. ऐकता ऐकता ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

गेल्या ऑक्टोबरात सासरे नागपूरहून पहिल्यांदाच आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आले. आल्या आल्या एकच पालुपद. "जावईबापू, बदली मागा नागपूरले. या दिल्लीत धुराशिवाय आहे काय?"

म्हटलं, थांबा, दाखवतोच. आमच्या ऑफिसातला पक्षी बघणारा ग्रुप रविवारी संध्याकाळी गाझियाबादच्या पुढच्या एका जलाशयावर जाणार होता. थंडीतले पाहुणे पक्षी यायला लागले होते. एक पट्टकदंब दिसला तरी काम फत्ते. पट्टकदंब म्हणजे मंगोलियातून हिमालय ओलांडून येणारा हंस. पांढरं डोकं, त्यावर दोन काळे पट्टे. ओळखायला एकदम सोपा, असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तासभर नुसती बदकं. सासरे कंटाळले. त्यांना शुगर आहे. "जरा जाऊन येतो," म्हणाले, माकडटोपी कानांवर ओढली आणि झुडपांकडे गेले.

थोड्या वेळानं मला ते दिसलं. उंच गवताच्या वर, मावळतीच्या उजेडात, पांढरं डोकं. दोन काळे पट्टे. अंगावर काटा आला हो!

"चुप, सब चुप," मी कुजबुजलो, पण इतक्या जोरात की पलीकडचा दुसरा ग्रुपही धावत आला. वीस-पंचवीस दुर्बिणी एकाच दिशेनं वळल्या.

"पक्का वही है?" आमच्या ग्रुपमधल्या मिश्राजींनी विचारलं.

"बिल्कुल. मादी है. नखरा तो देखिए, गर्दन कैसे अंदर खींच रही है."

खरंच, डोकं हळूच वर यायचं, आम्हाला बघायचं आणि झटकन खाली जायचं.

"उड़ क्यों नहीं रही?"

"थकी है यार. हिमालय पार करके आई है."

माझा ऊर भरून आला होता. आणि सासरे नेमके आत्ताच गायब? ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच नाहीत? मी घाईघाईनं त्यांना फोन लावला.

गवतात सनई वाजली. हंसानं मोबाईल कानाला लावला.

"बाबा, लवकर या, हंस..."

"जावईबापू," पलीकडून दबका आवाज आला, "केव्हाचा बसून राहिलो मी इथं. गुडघे गेले माझे. आधी त्या लोकायले तोंडं फिरवाले सांगा, मग उठतो."

मी सांगितलं. सगळ्यांनी मुकाट्यानं पाठ फिरवली. मिश्राजींचे खांदे बराच वेळ हलत होते.

परतताना गाडीत मी मनातल्या मनात नागपूरच्या बदलीचा अर्ज लिहायला घेतला होता. क्वार्टरसमोर गाडी थांबली. सासऱ्यांनी सासूबाईंनी विणलेली ती टोपी काढली. पांढरी, दोन काळ्या पट्ट्यांची. ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि शांतपणे विचारलं,

"बाकी सारं जाऊ द्या. पण मादी आहे, हे कशावरून ठरवलं तुम्ही?"