पाच माणसांचं लग्न

लग्नाला पाच माणसं चालतील, असं सरकारने जाहीर केलं. नवरा, नवरी, लग्न लावणारी बाई आणि दोन साक्षीदार. आमच्याकडच्या लग्नात नुसते रुसून बसणारेच याहून जास्त असतात.

खरं तर माझं लग्न पुण्यात व्हायचं होतं. कार्यालय ठरलं होतं, आचारी ठरला होता, मामाचा कोट शिवून झाला होता. मग साथ आली, विमानं बंद झाली, सीमा बंद झाल्या आणि इकडे परदेशात मी वॉलॉंगॉंगला, माझा होणारा नवरा टूनगॅबीला, असे आम्ही आपापल्या भाड्याच्या घरांत अडकून पडलो. घराबाहेर पडायचं ते किराणा, औषधं, नोकरी किंवा व्यायाम एवढ्यासाठीच. त्यात प्रेम नक्की कुठे बसतं, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. मी मुळात उतावळी, त्यात चिडलेली. म्हटलं, पाच तर पाच, माझ्या घराच्या मागच्या अंगणात लग्न करून मोकळे होऊ.

बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "लग्न काय फोनवर लागतं का? भाजी आहे का ती, घरपोच मागवायला?"

"मग थांबायचं कधीपर्यंत, ते तरी सांगा."

"सगळं सुरळीत होईपर्यंत."

"तोवर मी म्हातारी होईन बाबा."

"हो. आणि मी तरणा होणार आहे!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि त्यानंतर आमचं बोलणंच बंद झालं. दोघांचाही राग नाकाच्या शेंड्यावर. आई मध्ये उभी राहून इकडचे निरोप तिकडे करायची. "बाबांना सांग, तारीख ठरली." "तिला सांग, मी ऐकलं नाही."

त्यांचं नेमकं काय दुखलं होतं ते मला ठाऊक होतं. आमच्या अख्ख्या घराण्यातल्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणायचा मान बाबांचा. मान म्हणजे, माइक ते कोणाला देतच नाहीत. प्रत्येक नवरीला सांगतात, "खास तुझ्यासाठी रचलंय हो." प्रत्यक्षात शेवटचं, आशीर्वादाचं कडवं गेली कित्येक वर्षं तेच. गंगा, यमुना, चंद्र, सूर्य, फक्त नवरा-नवरीची नावं बदलायची. एका आतेबहिणीचं नाव वृत्तात बसेना, तर तिच्या सासरच्यांना त्यांनी लग्नाआधीच तिचं नाव बदलायची गळ घातली होती. आम्ही भावंडं मागच्या रांगेत बसून ते कडवं त्यांच्याबरोबरच, त्यांच्याच बेसूर चालीत म्हणायचो आणि हसून हसून लोळायचो. पण मनात कुठेतरी मी त्या कडव्यात माझं नाव घालूनही बघत असे. बाबांनी म्हटलं नाही तर माझं लग्न कायद्याने लागेल, पण मला ते लागल्यासारखं वाटणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी विचारलं नाही. विचारणार कशी? भांडण माझंही होतं.

लग्नाच्या दिवशी समुद्रावरून असा वारा सुटला की मुंडावळ्या कपाळावर ठरेनात. शालू पुण्यात कपाटात होता. मी माझ्या घरात राहणाऱ्या केरळी नर्सची पांढरी, सोनेरी काठांची साडी नेसले. दुकानात तांदूळ माणशी एकच पाकीट मिळत होता, म्हणून अक्षता अगदी जपून केल्या. अंतरपाट म्हणून नवाकोरा टेबलक्लॉथ. एक टोक त्या नर्सने धरलं, दुसरं कॅसल हिलहून आलेल्या नवऱ्याच्या पुणेकर मित्राने. हे दोघं साक्षीदार. लग्न लावायला आलेली, सरकारी परवाना असलेली बाई साठीची, मोठाले लाल डूल घातलेली, दुपारभर हसत होती. तिला आधी समजावून सांगितलं, की "सावधान" ऐकलं की तांदूळ टाकायचे. तिने अर्थ विचारला. म्हटलं, "बी केअरफुल."

"बिट लेट फॉर दॅट, मेट," ती नवऱ्याला म्हणाली.

फोन धरायला सहावं माणूस नव्हतं. मित्राने तो कपडे वाळत घालायच्या गोल फिरत्या दांडीला चिमट्यांनी लटकवला. वाऱ्याने दांडी फिरली की पुण्याला कधी आम्ही दिसायचो, कधी शेजाऱ्यांचं कुंपण.

व्हिडिओ लागला आणि मी बघतच राहिले. बाबा हॉलच्या मधोमध उभे होते. कोट, डोक्याला फेटा, हातात कागद. बाजूला आई, मूठभर अक्षता घेऊन. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. घसा खाकरला आणि सरळ सुरुवात केली.

काय सांगू, इतका बेसूर आवाज मला आयुष्यात इतका गोड कधी लागला नव्हता. एकेक कडवं झालं, एकेका "सावधान"ला लाल डूलवाली बाई सगळ्यांत मोठ्याने "साव्‌ढान!" ओरडून तांदूळ भिरकावत होती. कुंपणापलीकडचे शेजारी-शेजारीणही, नियमाप्रमाणे आपल्याच अंगणात उभे राहून, टाळ्या वाजवायला लागले. शेवटचं कडवं आलं, बाबांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि फोन गोठला.

आम्ही थांबलो. बाबा उघड्या तोंडाने दांडीवर फिरत होते. मुहूर्त चुकवायचा नाही म्हणून आईने शंभरदा बजावलं होतं, आणि तो टळत चालला होता.

अंतरपाटाच्या पलीकडून नवरा म्हणाला, "अगं, तूच म्हण ना. तुला पाठ आहे ते."

"नवरी कुठे म्हणते का स्वतःची मंगलाष्टकं?"

"नवरीचा बाप कुठे कपड्यांच्या दोरीवर असतो?"

मग म्हटलं. गंगा, यमुना, चंद्र, सूर्य, सगळं बाबांच्याच चालीत, त्यांच्या सगळ्या चुकलेल्या सुरांसकट. आमची नावं आली तेव्हा माझा आवाज फाटला, तरी "कुर्यात् सदा मंगलम्" पर्यंत नेलंच. "शुभ मंगल सावधान!" टेबलक्लॉथ खाली आला, समोर तो हार घेऊन उभा, डोळे भरलेले. हार घातले, शेजाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. जिंकलो, असंच वाटलं मला.

तेवढ्यात फोन पुन्हा सुरू झाला. तिकडे बाबा अजून गातच होते. आई त्यांचा कोट ओढत होती, "अहो, थांबा! हार पडले तिकडे!"

बाबांनी चष्मा वर केला. "पडले? माझं शेवटचं कडवं संपायचंय अजून!"

"मी म्हटलं ते, बाबा," मी ओरडले.

कितीतरी आठवड्यांनी ते माझ्याशी थेट बोलले. "तू कुठलं म्हटलंस?"

"तुमचं नेहमीचंच."

"नेहमीचं?" ते एवढे चिडले की फेटा सरकला. "नेहमीचं म्हणायला मी काय वेडा आहे? माझ्या एकुलत्या एक मुलीचं लग्न आहे हे! नवीन रचलंय मी! धरा परत तो पडदा!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाईला सांगितलं, की पुन्हा एकदा लावावं लागणार. "नो वरीज," ती म्हणाली आणि गवतात पडलेले तांदूळ वेचून मुठीत घेतले. टेबलक्लॉथ पुन्हा वर गेला. गळ्यात हार घातलेल्या आम्ही दोघांनी पुन्हा माना खाली घातल्या.

बाबांनी कागद खिशात ठेवला. पाठच होतं त्यांना.

"वॉलॉंगॉंगपुरीत आज सजली, नेसून शालू सुता..."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. मी रडत होते आणि हसतही होते. आजवर या गावाचं नाव त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. "तिकडे" म्हणायचे, फार तर "ते तुमचं गाव". आणि मी रागाने निरोप पाठवत होते तेव्हा हा माणूस पुण्यात बंद घरात बसून, बोटांवर लघु-गुरू मोजत, माझं गाव वृत्तात बसवत होता.

सावधान झालं. बाईने तांदूळ उधळले, पडदा पडला, आईने तिकडे फोनवरच अक्षता फेकल्या.

बाबा फोनच्या अगदी जवळ आले. पडद्यावर नुसतं नाक आणि ओले डोळे.

"बसलं की नाही गं?"

"बसलं, बाबा," मी म्हटलं. "एक मात्रासुद्धा इकडची तिकडे नाही."