काळ्या मोटारीवरच्या चकल्या

मोटारीला मेणाचं पॉलिश कसं लावायचं, हे आज मी कुणालाही खात्रीनं शिकवीन. आधी भरपूर पाण्यानं धूळ उतरवायची. गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मेण थोडंच घ्यायचं, एका वेळी हातभर जागेवर पातळ लावायचं आणि पांढुरकं झालं की जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायचं. फडकं जमिनीवर पडलं तर ते बाद. त्याला लागलेली मातीच रंग खाते.

बाहत्तरच्या दुष्काळात मी कर्जतला एका डॉक्टरांची जीप चालवत होतो. त्यांच्या काळ्या मोटारीवर वयस्कर ड्रायव्हर होते. त्यांना सगळे मामा म्हणत. टँकर चार दिवसांनी यायचा. खंडेनवमीच्या पूजेआधी गाडी धुता यावी म्हणून मामांनी दोन बादल्या पाणी राखलं होतं. “धुऊन पॉलिश मार, मी फुलं आनतो,” असं सांगून ते बाजारात गेले.

मी त्या बादल्या घरी नेल्या. सणाला डोक्यावरून अंघोळ करायची हौस होती. गाडी कोरडीच झटकली आणि मेण चोळलं.

पूजेला मोटार उन्हात काढली, तेव्हा बॉनेटभर बारीक गोल ओरखडे चमकले. डॉक्टर मामांवर भडकले. “या वयात एवढंही कळू नये? किल्ली याच्याकडे द्या.” मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मी ती खिशात टाकली.

आठ दिवस मोटार मी चालवली, मामा जीपवर. शेवटी राहवेना.

“मामा, तुम्ही बोलला का नाही?”

“म्या कशाला? तुला तोंड न्हाई व्हय?” मामा म्हणाले. “पुसताना माझा हात उभा चालतो, गोल न्हाई. बॉनेटवर चकल्या कुनी पाडल्या ते मला दिसत न्हाई? दिवाळीला अजून टाइम हाय, गड्या.”

मी तसाच डॉक्टरांकडे गेलो. गाडी मीच कोरडी घासली, मामांचा दोष नाही, असं स्पष्ट सांगितलं.

“आणि पाणी कुठं गेलं?” त्यांनी विचारलं.

“शेजारच्या म्हातारीला दिलं,” मी म्हणालो. का म्हणालो, ते अजून कळत नाही.

डॉक्टर विरघळले. “मग बरोबरच केलंस. रंगाचं काय एवढं!” त्यांनी मामांना बोलावून किल्ली परत दिली, माफी मागितली आणि त्यांच्यासमोर माझी पाठ थोपटली. मामांनी मान खाली घातली. ते हसत होते की काय, मला दिसलं नाही.

मामांची गाडी त्यांना मिळाली, याचं समाधान खरं आहे. ती शाबासकी मात्र माझी नव्हती, आणि हे मी डॉक्टरांना कधीच सांगितलं नाही.